नावं दिली ६१ जणांनी, उरली ४ मशिनं : आइन्स्टाइन अ‍ॅट होमच्या टीममध्ये मुलं टिकवायची कशी?

फिजिक्सच्या_मॅडम (हिंगोली जिल्हा)

नमस्कार. मी आमच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. प्रश्न जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय माझं काय चुकलं ते तुम्हाला कळणार नाही.

आमच्याकडे औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळात उठणारे अतिसूक्ष्म तरंग) टिपणारी वेधशाळा होणार आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी मंजूर केले. तेव्हापासून लायगो म्हटलं की चहाच्या टपरीवर जमिनीचे भाव निघतात, गुरुत्वीय लहरी कुणी काढत नाही. म्हणून मागच्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, मी आइन्स्टाइन अ‍ॅट होमवर बोलले. अमेरिकेतल्या लायगोच्या नोंदींचे बारीक तुकडे जगभरातल्या लोकांच्या संगणकांवर वाटले जातात. आपला संगणक रिकामा बसला असेल तेव्हा त्याच्या वाट्याचा तुकडा चाळतो आणि निकाल परत पाठवतो. शोध चाललाय तो गरगर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांकडून (मेलेल्या मोठ्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांकडून) अखंड येत असणाऱ्या अगदी क्षीण लहरींचा. या प्रकारच्या लहरी अजून कुणालाच सापडलेल्या नाहीत, हे वाक्य मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. लागू पडलं. ६१ जणांनी वहीत नावं लिहिली.

पेनड्राइव्हवर बोइंक (संगणकावर हे तुकडे आणून चाळून घेणारा प्रोग्राम) घेऊन मी आणि लॅब असिस्टंट दोन दिवस फिरलो. लॅपटॉप निघाले अकरा. बाकी सगळे फोनवाले, त्यांच्या फोनवर टाकून दिलं. लॅबच्या वीस मशिनांवर प्राचार्यांना विचारून चालू केलं. टीम बनवली, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, आठव्या दिवशी सगळ्यांना सहभागाचं प्रमाणपत्रही दिलं. रंगीत, माझ्या खर्चाने.

प्रमाणपत्र दिलं त्याच आठवड्यात अठरा जण गळाले. एकाने तर माझ्यासमोर अ‍ॅप उडवलं, वर "मॅडम, झालं न आता?" मला हसावं की रडावं कळेना. मग एप्रिल आला. लॅपटॉपवाल्यांचे पंखे गिरणीसारखे घरघरायला लागले, घरून फोन आले. लॅबमध्ये शिपाई मामा पाच वाजता मेन स्विच पाडतात, त्यामुळे रात्रीचं काम असं काही नाहीच. जूनमध्ये लॅबवालं प्राचार्यांनी बंद करायला सांगितलं. दिवाळीला मोजलं तर चार मशिनं चालू, त्यातली दोन माझी.

फोनवाल्यांचं कोडं मात्र सुटलेलं नाही. त्यातल्या निम्म्यांनी अ‍ॅप काढलंच नव्हतं. तरी त्यांचं क्रेडिट, म्हणजे केलेल्या कामाचे गुण, शून्य! मुलं म्हणतात, "आम्ही आहोत, पण आमचं काहीच दिसत नाही."

येत्या २८ फेब्रुवारीला पुन्हा करायचं आहे. काय वेगळं करू?


जुना_मोडेम (पुणे)

मॅडम, आधी तुमच्या फोनवाल्यांचं सांगतो, कारण ती मुलं गळालेली नाहीत, त्यांना दारातच अडवलंय. अँड्रॉइडवरच्या बोइंकची मूळ सेटिंग अशी असते : फोन चार्जिंगला हवा, बॅटरी ९० टक्क्यांच्या आसपास भरलेली हवी आणि कामाची देवाणघेवाण फक्त वायफायवर. तुमच्या मुलांच्या घरी वायफाय आहे का? नसणारच. म्हणजे अ‍ॅप बिचारं महिनोन्‌महिने वायफायची वाट बघत बसलंय. किंवा कॉलेजच्या वायफायवर एकदा काम उतरलं, पोरगं घरी गेलं, आणि परत पाठवायची मुदत उलटून गेली. सेटिंगमधली वायफायची अट काढा, डेटा पॅक किती खाईल ते आधी एका फोनवर मोजून बघा, आणि मगच मुलांना सांगा.

दुसरं, क्रेडिट. तुम्ही पाठवलेला निकाल प्रकल्प एकट्याच्या भरवशावर धरत नाही. तोच तुकडा आणखी कुणाच्या तरी संगणकावर गेलेला असतो. दोघांचे निकाल जुळले की दोघांना क्रेडिट. तो दुसरा बाबा आळशी निघाला तर तुमचं काम आठ-पंधरा दिवस नुसतं 'प्रलंबित' दिसतं. याला कारण आहे. सेटी अ‍ॅट होम या परग्रहावरचे संदेश शोधणाऱ्या जुन्या प्रकल्पाच्या काळात काही महाभागांनी आकडा फुगवायला प्रोग्राममध्ये फेरफार करून खोटे निकाल पाठवले होते. पण नवीन मुलाला हे कोण सांगणार? त्याला पहिल्या आठवड्यात शून्य दिसतं आणि तो निघून जातो. सगळ्यात जास्त माणसं आम्ही याच आठवड्यात घालवली आहेत.

आता माझं पुराण. मी १९९९ पासून आहे. मे महिन्यात बर्कलीहून सेटी अ‍ॅट होम सुरू झालं आणि जुलैत मी जोडलो. पोर्टो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींचा १०७ सेकंदांचा एक तुकडा, सुमारे ३४० केबी. डायल-अपवर तो उतरवताना घरचा फोन अडकायचा आणि आईची बोलणी बसायची. मग माझं सेलेरॉन प्रोसेसरचं मशीन दीड-दीड दिवस त्यावर घाम गाळायचं. परग्रहावरचा संदेश सापडेल या आशेने मी आलो खरा. पण वीस वर्षं थांबलो तो त्या आशेवर नाही. ऑफिसात आम्ही चौघं होतो आणि अकाउंट्समधला एक जण माझ्यापुढे कायम दहा-बारा युनिट (म्हणजे असे तुकडे) असायचा. सोमवारी सकाळी चहाआधी आकडे बघायचे. बस्स. शंभर युनिट झाल्यावर प्रमाणपत्र मिळायचं, ते त्याने आधी टेबलामागे चिकटवलं. मला ते अजून सलतं.

म्हणून प्रमाणपत्र आठव्या दिवशी देऊ नका. यजमान पंगतीच्या आधीच दक्षिणा वाटत नाही.

आणखी एक, तो स्क्रीनसेव्हर. रंगीत आलेख हळूहळू सरकायचा, येणारा-जाणारा विचारायचा, "हे काय चाललंय?" मी सांगायचो, आणि सांगता सांगता माझाच उत्साह परत यायचा. आता सगळं पडद्यामागे निमूट चालतं. लॅबमधलं एक मशीन तरी दाराशी, सगळ्यांना दिसेल असं ठेवा आणि त्यावर स्क्रीनसेव्हर लावा. आइन्स्टाइनचा तर फिरत्या खगोलाचा आहे, सुंदर दिसतो.

प्राचार्यांची परवानगी मात्र लेखी घ्या. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात एका कॉलेजच्या सिस्टीमवाल्याने न विचारता असाच प्रोग्राम बसवला होता, त्याच्यावर फौजदारी खटला झाला. २००२ मध्ये तडजोड होऊन सुटला. तुम्ही विचारलंत हे चांगलं केलंत, पण तोंडी परवानगी जूनमध्ये कशी विरघळते ते तुम्ही बघितलंच आहे.


मीटरवाला (नाशिक)

सगळे विज्ञानाचं बोलताय, बिल कोण भरतंय?

साधा हिशेब मांडतो. डेस्कटॉपने कामाला लागल्यावर १०० वॅट जास्त ओढले आणि रोज दहा तास चालला, तर महिन्याला ३० युनिट. घरगुती दरात शंभर युनिटांपर्यंत स्वस्त आणि पुढे दर दुपटीच्या वर. ज्या घरात महिन्याला ९० युनिट जळतात, तिथे या तिसातले दहा स्वस्त दराने गेले आणि वीस महाग दराने. त्या घराने न्यूट्रॉन ताऱ्याला दरमहा अडीचशे रुपये वर्गणी दिली म्हणा की! आणि ती वर्गणी मुलाने नाही, बापाने दिली. त्याला कुणी विचारलं होतं का?

लॅपटॉपचं वेगळं आहे. तीस वॅट जास्त, रोज सहा तास, म्हणजे महिन्याला साडेपाच युनिट. एवढं चालून जातं.

माझा विरोध नाही. फक्त फॉर्मवर हा आकडा लिहा आणि पालकांची सही घ्या. ६१ ऐवजी २० येतील, पण एप्रिलमध्ये फोन करून ओरडणार नाहीत.


जुना_मोडेम (पुणे)

मीटरवाले, तुमचं पटलं. त्याला जोडून पंख्याचा उपाय सांगतो. बोइंकमध्ये दोन आकडे असतात. एक, किती टक्के कोअर (प्रोसेसरमधले आकडेमोड करणारे भाग) वापरायचे. दुसरा, किती टक्के वेळ वापरायचे. लोक दुसरा कमी करतात. मग प्रोसेसर क्षणभर पळतो, क्षणभर थांबतो, आणि पंखा दम्याच्या रुग्णासारखा वरखाली होतो. कोअर निम्मे करा, वेळ शंभर टक्केच राहू द्या. आवाज एकसारखा आणि बराच कमी येईल.


बर्फातली_कोल्हापूरकर (माँट्रियल)

मॅडम, तुमची पोस्ट वाचून मला आमचा २०२० चा मार्च आठवला. फोल्डिंग अ‍ॅट होम या अशाच, पण प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पाने करोनाच्या प्रथिनांवर काम सुरू केलं आणि जो तो घरात अडकलेला. तीसेक हजारांचे काही आठवड्यांत लाखो स्वयंसेवक झाले. एवढी ताकद जमली की सेकंदाला एकावर अठरा शून्य इतक्या आकडेमोडींचा टप्पा त्यांनी मोठमोठ्या महासंगणकांच्या आधी ओलांडला. पण एवढ्या मशिनांना पुरेल इतकं काम सर्व्हरवर तयारच नव्हतं! आम्ही नवराबायको रात्री जागून बघत होतो, पडद्यावर नुसतं 'कामाची प्रतीक्षा'. माझ्या ओळखीतल्या सहा जणांनी तेव्हा सुरू केलं होतं. त्यातला आज एकही नाही. भीतीपोटी आले होते, भीती ओसरली, गेले.

मी टिकले त्याचं कारण ऐकून हसाल. इथे आमचं घर विजेच्या हीटरने तापतं. संगणकाने ओढलेली वीज शेवटी उष्णताच होते, मग ती हीटरने दिली काय आणि संगणकाने दिली काय! म्हणून नोव्हेंबर ते मार्च माझं मशीन चालू, एप्रिल उजाडला की बंद. यात मला अपराधी वाटत नाही, कारण हे मी आधीच ठरवलेलं आहे.

तुमच्याकडे नेमकं उलटं करावं लागेल. मराठवाड्यातला एप्रिल-मे मला माहीत आहे, माझी मावशी परभणीला असते. त्या दिवसांत मुलांनी चालू ठेवावं ही अपेक्षाच चुकीची. मार्च संपताना तुम्हीच ग्रुपवर टाका : टीमला उन्हाळी सुट्टी, सगळ्यांनी बंद करा, १ जुलैला परत भेटू. सुट्टीवर गेलेला मुलगा परत येऊ शकतो. चोरून बंद केलेला मुलगा येत नाही, त्याला तुमच्यासमोर यायचीच लाज वाटते.


मीटरवाला (नाशिक)

हे झकास. आमच्याकडे भजनी मंडळं अशीच चालतात, पेरणीच्या दिवसांत बंद. पेटी फडक्यात बांधून ठेवतात, विकत नाहीत.


फिजिक्सच्या_मॅडम (हिंगोली जिल्हा)

सगळ्यांचे आभार. काल लगेच तपासलं. कॉलेजात हजर असलेल्या नऊ मुलांचे फोन बघितले. नऊच्या नऊ फोनांवर 'फक्त वायफाय'. दोन फोनांवर मार्चमधलं मुदत संपलेलं काम तसंच पडलेलं. म्हणजे मी आठ महिने मनातल्या मनात या पोरांना आळशी म्हणत होते. त्यांना सांगितलं, चूक माझी होती.

जुना मोडेम सर, तुमचं 'प्रलंबित' प्रकरण मी फळ्यावर समजावलं. तेव्हा बारावीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे माझ्या तुकड्यावर अजून कुणीतरी बसलेलं आहे? कोण आहे तो?" तिच्याकडे भावाचा जुना लॅपटॉप आहे आणि चार चालू मशिनांतलं एक तिचंच, हे मला काल कळलं. कुणी सांगितलं नसताना ती वर्षभर चालवतेय. मी नावं वाचून दाखवत होते ती सोडून गेलेल्यांची. हिचं नाव एकदाही ग्रुपवर घेतलं नव्हतं.

मग तिला याच प्रकल्पातली २०१० ची गोष्ट सांगितली. अमेरिकेत आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीत माइन्त्समधल्या एकाच्या संगणकाने एकच तुकडा चाळला, दोघांचे निकाल जुळले आणि अरेसिबोच्या नोंदींत नवा पल्सार (ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं देणारा न्यूट्रॉन तारा) निघाला, सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा. शोधनिबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला, त्यात या तिघांचं श्रेय नावानिशी दिलंय. ती एवढंच म्हणाली, "त्यांची आधी ओळख होती?" नव्हती, म्हटलं.

ठरवलंय ते असं. पालकांच्या सहीचा फॉर्म, त्यावर विजेचा आकडा. प्रमाणपत्र पहिलं काम पडताळून आल्यावर, त्याआधी नाही. दर सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात टीमचे आकडे. ३१ मार्चला सुट्टी. दाराजवळच्या मशीनचं शिपाई मामांशी बोलणं झालंय, ते म्हणाले एवढं एक चालू ठेवतो, पण पावसाळ्यात वीज कडाडली की मी विचारणार नाही, काढूनच टाकीन. रास्त आहे.

एक राहिलं. त्या मुलीला तिचा जोडीदार संगणक बघायचा आहे. ते अ‍ॅपमध्ये दिसतं का?


जुना_मोडेम (पुणे)

अ‍ॅपमध्ये नाही. तिच्या खात्याने प्रकल्पाच्या वेबसाइटवर जा, कामांची यादी उघडा, आणि प्रलंबित कामाच्या वर्कयुनिट (म्हणजे तुकड्याच्या) क्रमांकावर टिचकी मारा. दोन्ही संगणक एकाखाली एक दिसतील, प्रोसेसर कुठला, ऑपरेटिंग सिस्टीम कुठली हेही कळेल. मालकाने लपवलं असेल तर नाव दिसणार नाही. आम्ही सेटीवाले त्याला विंगमन म्हणायचो. माझा एक विंगमन मुदतीच्या शेवटच्या दिवशीच निकाल द्यायचा, दर वेळी. शेवटपर्यंत कळलं नाही कोण होता.