मदत हवी आहे: सेव्हिलमध्ये दोघांसाठी वाइन-तापासची संध्याकाळ

ऑक्टोबरमध्ये मी आणि नवरा स्पेनला जातोय, लग्नाचा वाढदिवस सेव्हिलमध्येच येतोय. त्या संध्याकाळी वाइन-तापासची पायी फेरी करायची फार इच्छा आहे: उभ्याउभ्या एक ग्लास, एक छोटी डिश, की चालले पुढच्या बारकडे. १६७० पासूनच्या 'एल रिन्कोन्सियो' या बारमध्ये हिशोब खडूने काउंटरवरच लिहितात, ते तर बघायचंच आहे!

अडचण माझ्या खाण्याची. मला अंडं चालतं, मांस-मासे नाही. बटाट्याचं ऑम्लेट आणि जिरं घातलेली पालक-छोल्यांची भाजी मिळेल, पण साल्मोरेहोसारख्या टोमॅटोच्या गार सूपवरही हॅमचे तुकडे पेरतात. गाइडला आधी कळवलं तर खरंच सोय करतात का? की नुसते ऑलिव्ह आणि बदाम पुढ्यात येतात?

गटाबरोबर नको, दोघांसाठीच गाइड हवा. कोणी घेतलाय का? साधारण खर्च किती? तिथे जेवणंच नऊनंतर, मग निघावं किती वाजता? फिरायला नदीपलीकडची त्रियाना वस्ती बरी की जुन्या सांताक्रूझ वस्तीच्या गल्ल्या? आणि कोरडी (गोड नसलेली) मान्सानिया शेरी, म्हणजे तिकडची कडक वाइन, पहिल्यांदाच पिणाऱ्याला झेपते का, तेही सांगा.