आर्गन मिक्स की नुसता सीओटू? वर्कशॉपवाल्यांनो, बोला

भोसरीचा फॅब्रिकेटर

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग काय हाणायचं ते हाणा. मिग मशीनवर (वायर आपोआप पुढे येऊन वितळते ते वेल्डिंग) नुसता सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, लावून पैसे वाचतात, हा आपल्या लाइनमधला सगळ्यात टिकाऊ गैरसमज आहे. (आपल्याकडे 'आर्गन वेल्डिंग' म्हटलं की टिग, म्हणजे टंगस्टनच्या न वितळणाऱ्या टोकानं केलेलं वेल्डिंग, समजतात. मी बोलतोय ते मिगबद्दल, ८० टक्के आर्गन आणि २० टक्के सीओटू असा तयार मिक्स सिलिंडर येतो त्याबद्दल.)

आर्कच्या, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या झोताच्या, तापात सीओटू तसाच राहत नाही. तो फुटतो, कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन सुटे होतात. म्हणजे वितळलेल्या लोखंडाला हवेतल्या ऑक्सिजनपासून वाचवायला आपण जो गॅस सोडतो, तोच तिथे ऑक्सिजन घेऊन येतो. म्हणून तर वायरमध्ये सिलिकॉन आणि मँगनीज घालावं लागतं, ऑक्सिजन खाऊन टाकायला. आर्गनच्या बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन पूर्ण भरलेले. त्याला कोणाकडून काही घ्यायचं नाही, कोणाला द्यायचंही नाही. आर्क शांत चालतो, थेंब बारीक पडतो, स्पॅटर (उडून आजूबाजूला चिकटणारे धातूचे दाणे) कमी.

आता स्पॅटरचा हिशोब करा. छिन्नी घेऊन बसलेला हेल्पर, ग्राइंडरची चकती, वर अँटीस्पॅटर स्प्रे, आणि एवढं करून पावडर कोटिंगखाली एखादा दाणा राहिलाच तर पार्टीची बोलणी. हे सगळं सीओटूच्या बिलात दिसत नाही म्हणून तो स्वस्त वाटतो.

ग्रिलवाला, इचलकरंजी

भाऊ, पुण्याच्या एमआयडीसीत बसून असा हिशोब जमतो. आमच्याकडे या. गेट, ग्रिल, जिन्याचं रेलिंग, शेडचे ट्रस (छताचे सांगाडे). सीओटूच्या सिलिंडरात ३० किलो माल भरलेला असतो, आणि तो द्रव असतो. एका किलोचा अर्ध्या घनमीटरपेक्षा थोडा जास्त वायू धरा, म्हणजे झाले १६ घनमीटर. आर्गनचा सिलिंडर ७ घनमीटरचा, कारण तो आत द्रव होतच नाही, नुसता दाबून भरलेला वायू. मिनिटाला १५ लिटर सोडलं तर तासाला ०.९ घनमीटर जातो. तुमचा सिलिंडर आर्क चालू असताना पावणेआठ तासांत संपला, माझा १७-१८ तास चालला. आणि तुमच्या एका सिलिंडरचा भाव माझ्यापेक्षा किती जास्त ते इथे लिहीत नाही, घरचे वाचतात.

वर पेनिट्रेशन. सीओटूवर वेल्ड धातूत खोल जातं. ट्रसला मला तेच पाहिजे. मिक्सवर दिसायला देखणा बीड (वेल्डची रेघ) आणि खाली नुसतं चिकटलेलं, असं काम मी बघितलंय.

भोसरीचा फॅब्रिकेटर

@ग्रिलवाला, चिकटलेलं काम गॅसमुळे नाही, करंट कमी ठेवल्यामुळे होतं. व्होल्टेज आणि वायर स्पीड सीओटूचंच ठेवून लोक मिक्स लावतात आणि मग आर्गनला शिव्या देतात. आणि स्प्रे ट्रान्सफर, म्हणजे वायरचा धातू बारीक थेंबांच्या फवाऱ्यासारखा पडणं, नुसत्या सीओटूवर कधीच मिळत नाही, कितीही करंट द्या. त्याला आर्गन ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर लागतोच.

ग्रिलवाला, इचलकरंजी

स्प्रे मिळायला १.२ मिलिमीटरची वायर आणि अडीचशेच्या वर अँपियर पाहिजेत. माझा पाइप २ मिलिमीटर जाडीचा. अडीचशे अँपियर दिले तर पाइप राहील का? मी १०० च्या आत काम करतो. तिथे तुमचा स्प्रे येतो कुठून?

केमिस्ट्रीच्या मॅडम

दोघांच्या भांडणात थोडी भर घालते, वेल्डिंग मला येत नाही पण आर्गन शिकवते दरवर्षी. तो महाग का, हा प्रश्न सगळेच 'दुर्मिळ आहे' म्हणून सोडून देतात. दुर्मिळ कसला! हवेत ०.९३ टक्के आहे, म्हणजे ज्या सीओटूवरून जगभर परिषदा भरतात त्याच्या वीसपट. अडचण वेगळी आहे. हवा थंड करून द्रव करायची आणि उकळबिंदूवरून वायू वेगळे करायचे, ही पद्धत. नायट्रोजन उणे १९६ अंशांला उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ ला, आणि आर्गन उणे १८६ ला. ऑक्सिजनच्या इतका चिकटून की त्याला वेगळा करायला आणखी एक उंच स्तंभ उभारावा लागतो. तुमचा सीओटू मात्र साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवताना आपोआप निघतो. तो पकडायचा, धुवायचा, दाबून भरायचा.

गंमत म्हणजे, एवढा असूनही १८९४ पर्यंत तो कोणाला सापडला नव्हता. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून काढलेला नायट्रोजन लिटरला १.२५७ ग्रॅम भरे, रासायनिक संयुगांतून काढलेला १.२५१ च्या जवळपास. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसरा कोणी असता तर तराजूची चूक म्हणून पुढे गेला असता. रॅले आणि विल्यम रॅम्से त्याच्या मागे लागले आणि हवेत लपलेला जड वायू निघाला. त्याच्या शंभरावर वर्षं आधी, १७८५ मध्ये, हेन्री कॅव्हेंडिशच्या नळीत एक छोटा बुडबुडा काही केल्या उरत होता, मूळ नायट्रोजनच्या १/१२० पेक्षा जास्त नाही, असं त्यानं लिहून ठेवलंय. तो आर्गनच होता.

ग्रिलवाला, इचलकरंजी

मॅडम, माहिती छान, पण यात माझाच मुद्दा सिद्ध झाला. जो गॅस साखर कारखान्यात फुकट निघतो तो सोडून उणे १८६ चा कशाला आणू?

दूधटाकीवाला, कोल्हापूर

एमएसवर (साध्या लोखंडावर) तुम्ही काय ते भांडा, स्टेनलेसवर मात्र चर्चा नाही. मी डेअरीच्या टाक्या आणि पाइपलाइन करतो, ३०४ आणि ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसमध्ये, टिगवर. नुसता आर्गन. सीओटू टिगला लावला तर टंगस्टनचं टोकच जळून जातं. मिगवर स्टेनलेस करायचं तरी सीओटू दोन-अडीच टक्क्यांवर नको. जास्त झाला की कार्बन धातूत उतरतो, तो क्रोमियमला धरतो, आणि जोडाशेजारी गंज यायला लागतो. 'स्टेनलेसला गंज कसा काय?' म्हणून पार्टी फोन करते ती यामुळेच.

लोक पुढून गॅस सोडतात आणि पाठ विसरतात. दुधाचा पाइप जोडताना आतूनही आर्गन भरावा लागतो. दोन्ही तोंडं टेपने बंद, एकीकडून नळी, दुसरीकडे सुईएवढं भोक, आणि आतली हवा निघून जाईपर्यंत थांबायचं. घाई केली तर जोड बाहेरून चांदीसारखा आणि आतून काळा, दाणेदार, जळलेल्या साखरेसारखा. त्या दाण्यांत दूध अडकतं. धुण्यासाठी किती कॉस्टिक सोडा फिरवला तरी तिथलं निघत नाही, आणि पुढच्या बॅचला वास येतो. आत आर्गन असेल तर जोडाची पाठ फिकट सोनेरी दिसते. मी तर हेल्परला टॉर्च घेऊन प्रत्येक जोड आतून बघायला लावतो, आणि पाठ काळी दिसली तर कापून परत.

सेफ्टीवाला, तळोजा

वर कोणीतरी आर्गन 'कोणाकडून काही घेत नाही, देत नाही' असं लिहिलंय. रसायनशास्त्रात बरोबर. पण या एका वाक्यावर विसंबून माणसं टाकीत उतरतात. म्हणून स्पष्ट लिहितो.

आर्गन हवेच्या १.३८ पट जड आहे. टाकीत, खड्ड्यात, पाइपच्या खालच्या वळणात तो पाण्यासारखा साचतो. वास नाही, रंग नाही. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. १० च्या खाली गेला की माणूस काही मिनिटांत कोसळतो, ६ च्या खाली गेला तर जवळपास लगेच. आणि वाईट भाग हा की गुदमरल्यासारखं वाटतच नाही. जीव घुसमटतो तो शरीरात सीओटू वाढल्यामुळे. आर्गनमध्ये तुम्ही सीओटू नीट बाहेर सोडत असता, म्हणून शरीर गजर वाजवत नाही. मग वरचा माणूस 'काय झालं रे' म्हणत उतरतो, आणि एकाच्या जागी दोन जातात.

पर्ज केलेल्या (आर्गन भरून हवा बाहेर काढलेल्या) टाकीत उतरण्याआधी ऑक्सिजन मीटर तळापर्यंत सोडा, नुसता तोंडाशी धरू नका. हवा खालून खेचून काढा. बाहेर एक माणूस कायम, आणि त्यानं आत उतरायचं नाही, दोरीनं ओढायचं. जेवायला जाताना वेल्डिंगची टॉर्च टाकीत ठेवू नका. व्हॉल्व्ह किंचित गळत असला तर तासाभरातही आतली हवा बदललेली असू शकते.

ग्रिलवाला, इचलकरंजी

म्हणजे सीओटूच बरा. निदान कळतं तरी.

सेफ्टीवाला, तळोजा

नाही दादा. सीओटू तर स्वतःच विषारी आहे, ७-८ टक्क्यांवर काही मिनिटांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. शिवाय आर्कमध्ये फुटून कार्बन मोनॉक्साइड होतो, पावसाळ्यात शटर अर्धं ओढून काम करता तेव्हा डोकं दुखतं ते बहुतेक त्यानंच. आर्गनवाल्यांनीही हसू नये. त्यांच्या आर्कमधून अतिनील किरण जास्त निघतात, त्यानं ओझोन तयार होतो, ॲल्युमिनियमवर टिग मारताना तर जास्तच. घसा खवखवतो तो त्यामुळे. दोन्हीकडे पंखा पाहिजे, फक्त पंख्याची हवा टॉर्चवर येऊ देऊ नका.

आयटीआय दुसरं वर्ष

सर, आमच्याकडे पोरोसिटी आली की इन्स्ट्रक्टर गॅस वाढवायला सांगतात. मिनिटाला २५ लिटर केला तरी भोकं येतायत. मिक्स खराब असेल का?

भोसरीचा फॅब्रिकेटर

२५ वर गॅस नोझलमधून बाहेर पडताना घुसळतो आणि बाजूची हवा आत ओढतो. फ्लोमीटरच्या काचेतली गोळी १२ ते १५ वर आण. नोझलमध्ये स्पॅटर साचला असेल तर साफ कर. मग नळीचे जोड साबणाच्या पाण्यानं बघ. सिलिंडर खराब निघणं सगळ्यात शेवटची शक्यता.

ठाण्याचा वाचक

मी वेल्डर नाही. पण आर्गन म्हणजे जुन्या बल्बमध्ये असायचा तोच ना? फिलामेंट जळू नये म्हणून? आणि आमच्या सोसायटीत दुहेरी काचेच्या खिडकीसाठी एक जण 'आर्गन भरलेली' म्हणून जादा पैसे मागतोय. खरंच फरक पडतो का?

केमिस्ट्रीच्या मॅडम

तोच. बल्बमध्ये आर्गन आणि थोडा नायट्रोजन असायचा, टंगस्टनचं बाष्प होण्याचा वेग कमी करायला. खिडकीचं म्हणाल तर आर्गनमधून उष्णता हवेच्या दोन-तृतीयांश वेगानेच जाते, त्यामुळे भौतिकशास्त्र खोटं नाही. पण ठाण्यात खिडकी दिवसभर उघडी ठेवणार असाल तर पैसे वाया. एसी सतत चालू राहणारी खोली असेल तर विचार करा, आणि कडेचं सील किती वर्षांच्या हमीचं आहे ते आधी विचारा. आर्गन गेला की ती साधी दुहेरी काच.

अंबडचा सुपरवायझर, नाशिक

किमतीवर बोलताय तर २०२१ चा एप्रिल-मे विसरू नका. उद्योगांचा ऑक्सिजन बंद करून दवाखान्यांकडे वळवला, ते योग्यच होतं. आर्गन-नायट्रोजनचे टँकरही ऑक्सिजनसाठी लावले. आर्गन त्याच हवा-पृथक्करणाच्या प्लँटमधून येतो, त्यामुळे आमच्या शॉपमध्ये आर्गन मिळेना. सीओटूची लाइन चालू होती. म्हणून मी दोन्हीच्या वायर आणि सेटिंग लिहून भिंतीवर लावलीय. सगळं काम एकाच गॅसवर बांधून ठेवायला मी तयार नाही, भले मिक्स चांगला असो.

भोसरीचा फॅब्रिकेटर

अंबडकरांचं पटलं. ग्रिलवाल्यांना मात्र शेवटचं विचारतो: दिवसाला किती चकत्या जातात? नुसता आकडा सांगा.

ग्रिलवाला, इचलकरंजी

चकत्या जातात, नाही म्हणत नाही. पण गेट आमच्याकडे हातानंच रंगवतात, दाणा रंगाखाली झाकला जातो आणि कोणी बोट फिरवून बघत नाही. ट्रॉलीच्या चासीची ऑर्डर आली, ६ मिलिमीटरच्या वरची, आणि पार्टीनं वेल्डची तपासणी लावली, तर एक मिक्स सिलिंडर मागवीन, त्याचा भाव कोटेशनमध्येच टाकून. ग्रिलवर सीओटूच.