निपाहची एमआरएनए लस आली तरी ती चालते हे कळणार कसं?

प्रश्न:
कोविडच्या विषाणूचा जेनेटिक सिक्वेन्स (त्याच्या जनुकांचा पूर्ण आराखडा) जानेवारी २०२० मध्ये बाहेर आला आणि १६ मार्चला मॉडर्नाच्या एमआरएनए लसीचा (विषाणूचं एक प्रोटीन बनवायची सूचना शरीराला देणारी लस) पहिला डोस माणसाला टोचलासुद्धा. निपाह हा वटवाघळांकडून येणारा विषाणू तर १९९८-९९ पासून माहितीये, झालेल्यातले ४० ते ७५ टक्के लोक दगावतात, तरी अजून एकही मंजूर लस नाही, असं का? आणि लस केली तरी टेस्ट कशी करणार, मुद्दाम कुणाला निपाह तर देता येणार नाही ना?

रिप्लाय १:
बनवण्यापेक्षा टेस्टिंगलाच घोडं अडतं. फायझरच्या ट्रायलमध्ये जवळपास ४४,००० लोक होते, अर्ध्यांना लस, अर्ध्यांना नुसतं सलाईन, आणि मग कोविड कुणाकुणाला होतो याची वाट बघत बसले. १७० केसेस झाल्या, त्यातल्या १६२ सलाईनवाल्या आणि ८ लसवाल्या, लस ९५ टक्के परिणामकारक म्हणतात ते तिथून आलं. निपाहची साथ येते, मोजक्या लोकांना होतो आणि थांबते, पुढची कुठे येईल ते कुणालाच माहीत नसतं, मग एवढ्या केसेस आणायच्या कुठून?

रिप्लाय २:
वरचं बरोबर आहे, पण कोविडची लस "दोन महिन्यांत" झाली हे डोक्यातून काढा प्लीज. बाहेरचा एमआरएनए शरीरात गेला की सूज यायची, त्यावर कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये उपाय दाखवला (नोबेल मिळालं २०२३ ला!), शिवाय स्पाइक प्रोटीनचं (कोरोनाव्हायरसवरचे काटे, लस त्यांनाच ओळखायला शिकवते) काम मर्स या आधीच्या कोरोनाव्हायरसच्या वेळीच बरंचसं झालं होतं. एवढी वर्षं खपलेल्या लोकांचं काम कुणी बघतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्नकर्ता:
हे माहीत नव्हतं, थँक्स. मग निपाहचं सध्या कुठवर आलंय?

रिप्लाय ३:
मॉडर्नाच्या निपाह लसीची फेज १ ट्रायल २०२२ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, ४० निरोगी लोकांवर. त्यातून डोस झेपतो का आणि अँटीबॉडीज बनतात का एवढंच कळतं, रोग टळतो का ते नाही. त्यासाठी दोन वाटा आहेत. एक अमेरिकेचा २००२ चा अॅनिमल रूल, म्हणजे माणसांवर परिणाम तपासणं शक्यच नसेल तर प्राण्यांवरचा पुरावा धरतात, सेफ्टी मात्र माणसांतच बघावी लागते. दुसरी गिनीमध्ये २०१५ ला इबोलाच्या लसीसाठी वापरली (ती एमआरएनए नव्हती), पेशंटच्या संपर्कातल्यांचे गट पाडून काही गटांना लगेच लस, काहींना २१ दिवसांनी, आणि मग तुलना. निपाहला हेच करायचं तर डोस आधीच बनवून फ्रीझरमध्ये तयार हवेत आणि ट्रायलच्या परवानग्याही आधीच, साथ आल्यावर कागदपत्रं करत बसलो तर ती संपून गेलेली असते.