शब्दचर्चा : आर्ग्युमेंट ‘अग्रेषित करणे’ की ‘पुढे देणे’?

प्रश्न

पायथन या प्रोग्रामिंग भाषेवरील मराठी टिपणे लिहिताना एका क्रियापदाशी गाडी अडली आहे. एका फंक्शनला (प्रोग्राममधील नाव दिलेल्या, ठरावीक काम करणाऱ्या भागाला) मिळालेली आर्ग्युमेंट्स त्याने जशीच्या तशी दुसऱ्या फंक्शनला देणे, या क्रियेला प्रोग्रामर ‘फॉरवर्ड करणे’ म्हणतात. कार्यालयीन मराठीत ‘अग्रेषित करणे’ रुळले आहे, तर बोलताना बहुतेक जण ‘पाठवणे’ म्हणतात. यांपैकी कोणते क्रियापद घ्यावे? आणि ‘आर्ग्युमेंट’ऐवजी ‘प्राचल’ लिहिले तर चालेल का?

उत्तर

दुसरा प्रश्न आधी निकालात काढू. ‘प्राचल’ हा शब्द पॅरामीटरसाठी आहे. फंक्शनच्या व्याख्येत कंसात लिहिलेले नाव म्हणजे पॅरामीटर, आणि ते फंक्शन कॉल करताना, म्हणजे कामासाठी बोलावताना, त्या नावाच्या वाट्याला येणारे मूल्य म्हणजे आर्ग्युमेंट. पुढे दिली जातात ती मूल्ये, नावे नव्हेत. म्हणून या संदर्भात ‘प्राचल’ लिहिल्यास अर्थच चुकतो. ‘युक्तिवाद’ तर सोडूनच द्यावा. ‘आर्ग्युमेंट’ आहे तसे ठेवणे उत्तम.

आता क्रियापद. ‘अग्रेषित करणे’ म्हटले की न फोडता पुढे धाडलेला लिफाफा डोळ्यांपुढे येतो, आणि पायथनमध्ये नेमके तसे घडत नाही. तेथे आर्ग्युमेंट्स आधी गोळा होतात आणि पुढे देताना पुन्हा सुटी केली जातात. ही दोन्ही कामे तारका (*) या एकाच चिन्हाने होत असल्यामुळे नवशिक्यांचा गोंधळ होतो, आणि आपण निवडलेला शब्द त्या मधल्या अवस्थेवर पांघरूण घालणारा नसावा, असे मला वाटते.

उदाहरण घेऊ. (पायथन 3 मध्ये देवनागरी नावे चालतात, तारकांपुढे सहसा दिसणारी ‘आर्ग्ज’ (args) आणि ‘क्वार्ग्ज’ (kwargs) ही नावे केवळ संकेताने रूढ आहेत, अर्थ आहे तो तारकांना.)

आतले फंक्शन : मोज(लांबी, रुंदी, एकक="मीटर")
बाहेरचे फंक्शन : नोंदवून_मोज(*मूल्ये, **नामे)

नोंदवून_मोज(5, 3, एकक="फूट") असा कॉल केला की क्रमाने दिलेली 5 आणि 3 ‘मूल्ये’ या टपलमध्ये, म्हणजे मूल्यांच्या क्रमबद्ध गटात, गोळा होतात आणि नावानिशी दिलेले एकक ‘नामे’ या डिक्शनरीत, म्हणजे किल्ली (नाव) आणि मूल्य यांच्या जोड्यांच्या संग्रहात, जाते. आत मोज(*मूल्ये, **नामे) असे लिहिले की तीच तारका उलट काम करते : टपलमधील मूल्ये क्रमाने आणि डिक्शनरीतील मूल्ये नावानिशी सुटी होऊन आतल्या फंक्शनला मिळतात.

तारका विसरून मोज(मूल्ये, नामे) लिहिल्यास काय होते, ते पाहण्यासारखे आहे. लांबीच्या जागी अख्खे टपल आणि रुंदीच्या जागी अख्खी डिक्शनरी बसते. दोन आर्ग्युमेंट्स मिळाल्यामुळे कॉलच्या वेळी पायथन काहीच तक्रार करत नाही, आणि त्रुटी उमटते ती पुढे, ‘मोज’मधील लांबी-रुंदीच्या गुणाकाराच्या ओळीत. याहून फसवी चूक म्हणजे मोज(*मूल्ये, *नामे). डिक्शनरीवर एकच तारका लावली की तिच्यातील केवळ किल्ल्या सुट्या होतात, त्यामुळे एकक या पॅरामीटरला "फूट" न मिळता "एकक" हाच मजकूर मिळतो आणि कोणतीही त्रुटी न दिसता उत्तर चुकीच्या एककासह बाहेर पडते.

म्हणून माझी निवड अशी : व्याख्येतील तारकेसाठी ‘गोळा करणे’, कॉलमधील तारकेसाठी ‘सुटी करणे’, आणि या संपूर्ण व्यवहारासाठी ‘पुढे देणे’.

आक्षेप

‘पुढे देणे’ मान्य आहे. ‘पाठवणे’ मलाही खटकते, कारण पाठवलेली वस्तू पाठवणाऱ्याकडे उरत नाही. परंतु आपण प्रश्नातील ‘जशीच्या तशी’ या शब्दप्रयोगाला हात लावला नाही. टपल आणि डिक्शनरी प्रत्येक कॉलला नव्याने तयार होतात. मग ‘जशीच्या तशी’ कसे म्हणायचे?

प्रत्युत्तर

आक्षेप रास्त आहे, मात्र तो निम्म्यापुरताच लागू होतो. नवे असते ते गोळा करण्याचे पात्र. त्यातील मूल्ये तीच असतात, त्यांची प्रत काढली जात नाही. एखादी लिस्ट पुढे दिली आणि आतल्या फंक्शनने तिच्यात भर घातली, तर मूळ कॉल करणाऱ्याच्या लिस्टमध्येही ती भर दिसते. याउलट, बाहेरच्या फंक्शनने ‘नामे’मध्ये नवी किल्ली घातली, तर कॉल करताना दुहेरी तारकेने सुटी केलेली मूळ डिक्शनरी मुळीच बदलत नाही. तेव्हा ‘तीच मूल्ये पुढे देणे’ असे लिहिणे अधिक काटेकोर ठरेल.

पुरवणी प्रश्न

जुन्या प्रोग्राम्समध्ये याच कामासाठी ‘अप्लाय’ हे फंक्शन दिसते. त्याला ‘लागू करणे’ म्हणावे का? तसेच तारका न वापरता एकेक नाव लिहून दिले, तर तेही ‘पुढे देणे’च का?

उत्तर

‘अप्लाय’ला ‘लागू करणे’ अगदी योग्य आहे. 2000 साली आलेल्या पायथन 2.0 मध्ये कॉलमध्येच तारका लिहिण्याची सोय झाल्यावर त्याची गरज संपली, आणि 2008 च्या पायथन 3.0 मधून ते काढून टाकण्यात आले.

नावे लिहून दिलेलेही ‘पुढे देणे’च होय, पण परिणाम सारखा असेलच असे नाही. बाहेरच्या फंक्शनमध्ये एकक=नन (None, म्हणजे ‘मूल्य नाही’) अशी पूर्वनिर्धारित किंमत ठेवून मोज(लांबी, रुंदी, एकक) असे लिहिले, तर कॉल करणाऱ्याने एकक न दिल्यास आतल्या फंक्शनला नन मिळते आणि त्याची स्वतःची "मीटर" ही किंमत कधीच वापरली जात नाही. तारकांनी पुढे दिल्यास, जे दिलेच नाही ते पुढेही जात नाही, आणि "मीटर" शाबूत राहते.

तरीही तारकांचा सरसकट वापर करू नये, असे माझे मत आहे. नावानिशी दिलेल्या आर्ग्युमेंटच्या नावात चूक झाली, तर बाहेरचे फंक्शन ती मुकाट्याने गोळा करते आणि त्रुटी आतल्या फंक्शनच्या नावाने येते. मधे असे चार थर असले तर मूळ जागा शोधताना बराच वेळ जातो. कोणतेही फंक्शन गुंडाळता यावे यासाठी लिहिलेल्या डेकोरेटरमध्ये तारकांना पर्याय नसतो. आतले फंक्शन एकच आणि ठाऊक असेल, तर नावे लिहावीत आणि पूर्वनिर्धारित किमती दोन्हीकडे सारख्या ठेवाव्यात.