एमपीएससीची संयुक्त पूर्व परीक्षा दुसऱ्यांदा हुकली. आता आणखी काय वाचू?

परभणीची_लेक
नमस्कार. गट ब संयुक्त पूर्व दुसऱ्यांदा गेली, यावेळी ३ गुणांनी. ९२ प्रश्न सोडवले, ५४ बरोबर, ३८ चूक. चुकीला पाव याप्रमाणे ऋण गुण जाऊन ४४.५० राहिले. सदाशिव पेठेत अभ्यासिका लावून दोन वर्षं झाली. सकाळी ७ ला जागेवर बसते ती रात्री मेस बंद व्हायच्या आत उठते. राज्यघटनेची तीन पुस्तकं झाली, इतिहासाची दोन. आता रूममेट म्हणते अर्थशास्त्राच्या नव्या नोट्स घे. बाबांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय. काय वाचू, कुणी सांगेल का?

मराठवाडा_एक्सप्रेस
गणित-बुद्धिमत्ता रोज एक तास, बाकी कशालाही सुट्टी दे पण याला नको. तिथले गुण हक्काचे असतात. आणि शंका असलेला प्रश्न सरळ सोड, ऋण गुणांनीच घात केलाय तुझा.

प्रवराकाठ
ताई, मी चौथ्या प्रयत्नात राज्यकर निरीक्षक झाले. तुला कळकळीनं सांगते, एकही नवं पुस्तक घेऊ नकोस. ५४ बरोबर आलेत म्हणजे वाचन आहे. ते पेपरात सांडतंय कुठे, ते आधी बघ.

१०० प्रश्न, ६० मिनिटं. एका प्रश्नाला ३६ सेकंद आणि त्यातच गोल काळा करायचा. त्या घाईत काय होतं, माझंच सांगते. माझं माहेर नेवाशाकडचं, प्रवरासंगमाला लहानपणापासून जातेय. सराव पेपरात प्रश्न होता : गोदावरीला उजव्या तीरावर न मिळणारी उपनदी कोणती? पर्याय प्रवरा, सिंदफणा, मांजरा, प्राणहिता. पहिलंच नाव प्रवरा दिसलं, आणि गोल काळा केला. ‘न’ वाचलाच नाही. उत्तर प्राणहिता, ते मला झोपेतही आलं असतं. त्या दिवशी अभ्यासिकेच्या जिन्यात बसून रडले होते.

तेव्हापासून प्रश्नपत्रिकेत ‘नाही’, ‘अयोग्य’, ‘चुकीचे’ दिसलं की आधी त्या शब्दाभोवती पेनाने गोल, मगच पर्यायांकडे नजर. दोन सेकंद जातात, जाऊ देत.

तुझ्याकडे उत्तरपत्रिकेची प्रत असेल. अंतिम उत्तरतालिका समोर घे आणि ३८ चुका तीन रकान्यांत मांड : प्रश्न नीट न वाचलेले, दोन पर्यायांत अडकलेले, अजिबात माहीत नसलेले. एक संध्याकाळ लागेल.

मराठवाडा_एक्सप्रेस, गणिताचं पटलं, पण शंका आली की सोड हे नाही पटलं. दोन पर्याय खात्रीने खोडले असतील तर उरलेल्या दोनांतून उत्तर द्यावंच. असे चार प्रश्न सोडवले आणि निम्मे बरोबर आले, तरी दोन गुण मिळतात आणि अर्धाच जातो. चारही पर्याय अनोळखी असतील तर मात्र पुढे जावं, तिथे हाती काही लागत नाही आणि वेळही जातो.

मराठवाडा_एक्सप्रेस
हिशेब बरोबर आहे, मान्य. मी सगळ्या शंका एकाच मापाने मोजत होतो.

परभणीची_लेक
ताई, काल रात्री मांडलं. माहीत नसलेले १२. दोन पर्यायांत अडकलेले १९, त्यातले निम्म्याहून जास्त पंचायत राज आणि पंचवार्षिक योजनांवरचे. तीन पुस्तकं वाचूनही! प्रत्येकात वेगळी मांडणी, म्हणून डोक्यात एकही पक्की नाही. दोन पुस्तकं आज ट्रंकेत टाकली.

आणि नीट न वाचलेले ७. प्रत्येकी एक हक्काचा गुण गेला, वर पाव ऋण. सात सव्वा पावणेनऊ. मी ३ गुणांनी हुकले होते. रूममेटला नोट्स नको म्हणून सांगितलंय. आज २०१९ चा पेपर घड्याळ लावून सोडवायला बसतेय.

प्रवराकाठ
बस. ५५ मिनिटांचंच घड्याळ लाव. आणि संपल्यावर इथेच तीन रकान्यांचे आकडे टाक, मी वाट बघते.