लेक्सिंग्टन नक्की किती आहेत? माझा जाम घोळ झालाय

मावशी_ऑन_ड्यूटी:
मंडळी, हसू नका हं. माझ्या भाचीला एमएससाठी युनिव्हर्सिटी ऑफ केंटकीत अ‍ॅडमिशन मिळाली, गाव लेक्सिंग्टन. नाव ऐकलं आणि मला एकदम शाळेतला इतिहास आठवला, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक लेक्सिंग्टनला, हे घोकलेलं वाक्य. झालं, सोसायटीच्या हळदीकुंकवात जाहीर करून टाकलं की आमची भाची अमेरिकेचं युद्ध जिथे पेटलं त्याच गावी चाललीये, वर दोन मिनिटं भाषण पण ठोकलं. रात्री मॅप उघडला तर युद्धवालं गाव बॉस्टनशेजारी आणि हिचं तिथून रस्त्याने जवळजवळ दीड हजार किलोमीटर लांब! मग शोधत बसले तर व्हर्जिनियात एक, मिसुरीत एक, नॉर्थ कॅरोलायनात एक, न्यूयॉर्कमधे रस्ता, आणि हद्द म्हणजे विमानवाहू जहाज. हा लेक्सिंग्टन कोणी मोठा माणूस होता का? तिकडे राहणाऱ्यांनी जरा उजेड पाडा, बहिणीलाही मीच छातीठोकपणे सांगून बसलेय.

मुळशीचा_मिनिटमन:
मावशी, तुमची थाप अर्धी खरी आहे, कशी ते सांगतो. मी मॅसॅच्युसेट्सच्या लेक्सिंग्टनमधेच राहतो, म्हणजे तुमच्या पुस्तकातल्या. शेजारच्या कॉन्कर्ड गावात लपवलेला दारूगोळा जप्त करायला निघालेली ब्रिटिश फौज १९ एप्रिल १७७५ ला उजाडता उजाडता इथे गावच्या मैदानाशी पोचली, समोर कॅप्टन जॉन पार्करचे सत्तरऐंशी गावकरी बंदुका घेऊन उभे. पार्कर स्वतः क्षयाने खंगलेला, त्याच सप्टेंबरात गेला बिचारा. पहिली गोळी कोणाची यावर अजून वाद आहे. काही मिनिटांचा खेळ, ८ गावकरी मेले, जखमींत प्रिन्स एस्टाब्रुक नावाचा एक कृष्णवर्णीय गुलामही होता, म्हणजे स्वातंत्र्याच्या पहिल्याच चकमकीत रक्त सांडलं आणि स्वतः मात्र कोणाच्या तरी मालकीचा.

दर एप्रिलला पेट्रियट्स डेला ही चकमक त्याच मैदानावर पुन्हा करून दाखवतात, आणि वेळ पण तीच, पहाटेची. काय थंडी असते म्हणून सांगू. लोक चक्क घरून शिड्या घेऊन येतात पोरांना वर चढवून दाखवायला, मी पहिल्या वर्षी बिनशिडीचा गेलो आणि फक्त लोकांच्या टोप्या आणि धूर बघून आलो.

आता तुमचं केंटकी. त्या चकमकीची बातमी घोडेस्वारांनी एकेका वसाहतीत पोचवली. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाच्या हद्दीतलं रान, तिथे विल्यम मॅकॉनेल आणि त्याचे साथीदार एका झऱ्यापाशी तळ टाकून होते, त्यांच्या कानावर ती पडली जूनमधे, आणि त्यांनी त्या जागेचं नावच लेक्सिंग्टन ठेवून दिलं. वस्ती झाली १७७९ मधे. म्हणजे आधी नाव, मागून गाव. आपल्याकडे भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं ना तसंच, फक्त इथे माणसाऐवजी एका सकाळचं नाव दिलंय. व्हर्जिनियाचं लेक्सिंग्टन पण त्याच लाटेतलं.

लेक्स_लोकल:
न्यूयॉर्कचं मी सांगते. लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूला पण त्याच लढाईचं नाव आहे, सॅम्युएल रगल्स नावाच्या बिल्डरने १८३० च्या दशकात ग्रॅमर्सी पार्कच्या आपल्या जागांचा भाव वाढावा म्हणून हा रस्ता काढायला लावला (बिल्डर सगळीकडे सारखेच 😄). लढाई कोणाच्या डोक्यात नसते, इथे सगळे नुसतं लेक्स म्हणतात. क्रायस्लर बिल्डिंग लेक्सवरच, आणि मेरिलिन मन्रोचा तो पांढरा ड्रेस उडतानाचा सीन १९५४ मधे ५२ व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यावर सबवेच्या जाळीवर झाला, तोही लेक्सवर.

पण आपल्या कामाचा भाग २८ व्या स्ट्रीटच्या आसपास, त्याला करी हिल म्हणतात, डोसे, चाट, मिठाई सगळं मिळतं. तिथलं कलुस्त्यान्स हे मसाल्याचं दुकान नंबर १२३ मधे आहे, मी तिथे कित्येक वर्षं हिंग आणि कोकम शोधत फिरले आणि बाहेरची पाटी एकदाही वाचली नाही. १८८१ मधे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड वारले तेव्हा उपाध्यक्ष चेस्टर आर्थर याच घरात राहायचे आणि त्यांनी मध्यरात्रीनंतर इथेच शपथ घेतली. खाली मसाले, वर राष्ट्राध्यक्ष.

घोडं_अडलं_कुठे:
सगळे गावं आणि रस्ते सांगतायत, घोड्याचं कोणी नावच घेईना. केंटकीचं लेक्सिंग्टन म्हणजे घोड्यांची राजधानी, आणि तिथल्याच मातीतला लेक्सिंग्टन नावाचा घोडा, जन्म १८५०. शर्यती गाजवल्या, पुढे पार आंधळा झाला, पण त्याची पिल्लं अशी पळाली की तो १६ वेळा अमेरिकेतला अव्वल प्रजनक घोडा ठरला. सांगाडा बरीच वर्षं स्मिथसोनियनमधे होता, २०१० मधे गावी परत आणला, भाची जाऊन बघू शकते, इंटरनॅशनल म्युझियम ऑफ द हॉर्समधे.

आता गंमत बघा. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेचा सेनापती ग्रँट, त्याचा लाडका घोडा सिनसिनाटी, तो या लेक्सिंग्टनचा पोरगा. आणि ग्रँटपुढे शरण आलेला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली पुढे व्हर्जिनियाच्या लेक्सिंग्टनला कॉलेजचा अध्यक्ष झाला, १८७० मधे तिथेच वारला, तिथेच पुरलाय, त्याचा घोडा ट्रॅव्हलर पण चॅपलच्या बाहेर. जिंकणारा लेक्सिंग्टनच्या पोराच्या पाठीवर आणि हरणारा लेक्सिंग्टनच्या मातीत!

जहाजाचं थोडक्यात: विमानवाहू लेक्सिंग्टन कोरल समुद्राच्या लढाईत ८ मे १९४२ ला बुडालं. त्याच्या आधी १९२९ च्या हिवाळ्यात टकोमा शहरात धरणं आटून विजेची बोंब झाली तेव्हा याच जहाजाने महिनाभर किनाऱ्याला उभं राहून शहराला वीज दिली होती. ते बुडाल्यावर, जिथे ते बांधलं होतं त्याच क्विन्सीच्या कारखान्यातल्या कामगारांनी मागणी केली की आता बांधतोय त्या कॅबट नावाच्या जहाजाचं नाव बदलून लेक्सिंग्टन करा, आणि नौदलाने ऐकलं. ते दुसरं जहाज टेक्सासमधे कॉर्पस क्रिस्टीला म्युझियम म्हणून उभं आहे.

चष्मेवाला_काका:
सगळं ठीक, एक बारीक खोडा. जगभर ऐकू गेलेली गोळी ही कवी इमर्सनची ओळ हळदीकुंकवाच्या भाषणात असेल तर मागे घ्या. ती १८३७ ची कविता कॉन्कर्डच्या पुलाबद्दल आहे, लेक्सिंग्टनबद्दल नाही. दोन्ही गावं पहिला मान कोणाचा यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलीत, मुळशीकर कबूल करणार नाहीत.

मुळशीचा_मिनिटमन:
काका, कॉन्कर्डवाल्यांनी पाठवलं का तुम्हाला? 😂 आमचे ८ गेले तेव्हा ते पूल बघत बसले होते.

मावशी_ऑन_ड्यूटी:
सगळ्यांचे खूप आभार, ती ओळ होती हो भाषणात 🙈 भाचीला सगळं वाचून दाखवलं, तिला लढाईत काडीचा इंटरेस्ट नाही, घोड्याचा सांगाडा मात्र बघायचाय म्हणाली. आणि आज लिफ्टमधे दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंच, "काय गं, युद्धाच्या गावी कधी निघतेय?" खरं सांगायला तोंड उघडलं तोवर त्यांचा मजला आला.