'उकेमी'ला मराठीत काय म्हणाल?

झिम्माड: भाच्याच्या चॅनलसाठी जुन्या जपानी रेसलिंगवर मराठी निवेदन लिहून देतोय. गाडी अडलीय 'उकेमी'वर, म्हणजे इजा न होता पडायची कला. १ मार्च २००३, तोक्योचं बुदोकान. मिसावा हा पैलवान समोरच्या कोबाशीचे दोन्ही हात पाठीमागे अडकवतो आणि रिंगकडे येणाऱ्या उंच फळीवरून त्याला मागच्या मागे खाली फेकतो. हात अडकलेले, टेकायची सोय नाही. तरी कोबाशी उठतो आणि शेवटी जिंकतो. चाहते म्हणतात, ही त्याची उकेमी. मी लिहिलं, "कोबाशीनं सुरेख पडून घेतलं." भाचा म्हणाला, "मामा, जेवून आला होता का तो?"

तालीमकर: भाच्याचं बरोबर आहे. पडून घेणे म्हणजे वामकुक्षी. आणि एवढा काथ्याकूट कशाला? सरळ नुरा कुस्ती म्हणा.

झिम्माड: निकाल ठरलेला असतो, मान्य. पण डोकं खरंच आपटतं हो. हाच मिसावा २००९ साली हिरोशिमात असाच मागे फेकला गेला आणि त्याच रात्री गेला. त्याला नुरा म्हणायला जीभ रेटत नाही.

अनुस्वार: पडून घेणे म्हणजे फक्त झोप नव्हे. वडील सायकल शिकवताना ओरडायचे, "तोल गेला की हँडल सोड आणि पडून घे!" मी हँडल सोडलं नाही. हनुवटीवर तीन टाके आहेत.

शुद्धमती: 'पतनकौशल्य' हा नेमका शब्द होईल.

अनुस्वार: निविदा सूचना वाचल्यासारखं वाटलं.

काळापट्टा: ज्यूदोत आम्हाला सुरुवातीला फक्त पडायलाच शिकवलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि पाठ टेकते त्याच क्षणी पंजापासून कोपरापर्यंतचा हात गादीवर फाडकन. उकेमीतलं 'उके' म्हणजे घेणं, 'मी' म्हणजे अंग. 'अंगावर घेणे' हाच शब्द.

तालीमकर: अंगावर घेणे म्हणजे भांडण ओढवून घेणं. आणि पडतं घेणे म्हणजे माघार. आपल्याकडे हा शब्द सापडणारच नाही, कारण लाल मातीत पाठ टेकली की खेळ खलास. चितपट, अस्मान दाखवलं, सगळे शब्द पाडणाऱ्याचे. पडणाऱ्यासाठी एकही नाही.

झिम्माड: हे पटलं. पण मग लिहू काय?

शुद्धमती: नुरा मराठी तरी आहे का? माझ्या मते 'नूर'वरून आला. वरवरचं तेज, आत काही नाही.

तालीमकर: नूर आणि नुरा? मग 'नूरजहाँ'चं काय कराल?

काळापट्टा: जपानीत ठरवलेल्या सामन्याला 'याओचो' म्हणतात. चोबेई नावाचा भाजीवाला ('याओया') एका सुमोवाल्या बड्या असामीशी 'गो' हा पटावरचा खेळ खेळताना मुद्दाम हरायचा, गिऱ्हाईक राखायला. त्यावरून आला म्हणतात.

अनुस्वार: म्हणजे त्यानं पडतं घेतलं!

काळापट्टा: आणि ठरलेलं मोडतंही. २२ डिसेंबर १९५४ ला रेसलर रिकिदोझान आणि ज्यूदोवाला किमुरा भिडले. कुस्ती बरोबरीत सोडवायचं ठरलं होतं, असं किमुरा पुढे सांगत असे. रिकिदोझाननं मध्येच हाणून त्याला आडवा केला.

तालीमकर: ही बातमी चांगली आहे. तरी माझं मत तेच.

झिम्माड: 'उकेमी' तसाच ठेवू का? कराटे, सुनामी चालतातच.

शुद्धमती: म्हणूनच मराठीची ही अवस्था.

काळापट्टा: जपान्यांनी आपलंही घेतलंय की. कार्ल गॉच हा युरोपातला पैलवान. त्यानं जपानी पोरांना दंड-बैठका काढायला लावल्या. रेसलर इनोकीनं १९७२ मध्ये काढलेल्या न्यू जपान या रेसलिंग कंपनीच्या दोजोत, म्हणजे तालमीत, नवी पोरं आजही शेकड्यांनी बैठका मारतात. इंग्रजीत त्यालाच 'हिंदू स्क्वॉट' म्हणतात.

तालीमकर: दंड नाही, जोर. दंड हिंदीत.

अनुस्वार: आमच्याकडे दंडच म्हणायचे. आजोबा सातारचे.

झिम्माड: रेकॉर्डिंग रविवारी आहे हो.

तालीमकर: सातारला जोरच म्हणतात. जोर काढतात, बैठका मारतात.

अनुस्वार: बैठका पण काढतातच.